'यूजेबिलिटी' : उपयोगिता, वापरसुलभता की सोय?

जळगावहून प्रश्न : कंपनीचा एक अहवाल मराठीत करतेय. आमची स्क्रीन धंद्याच्या कामी किती येते, हे त्यात तपासलंय. 'यूजेबिलिटी'ला कोणी उपयोगिता लिहितं, कोणी वापरसुलभता. काय लिहू?

धुळ्याहून : उपयोगिता नको, ताई. बारावीला 'घटती सीमांत उपयोगिता' घोकलेला माणूस तिथंच अडेल. वापरसुलभता लिहा.

पारोळ्याहून : लिहा, पण सुलभ म्हणजे मुळात 'सहज मिळणारं', सोपं हा अर्थ मागून आला. (शहरात तर 'सुलभ' म्हटलं की वेगळीच पाटी आठवते.) आणि आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकातली यूजेबिलिटीची व्याख्या नुसत्या सोपेपणाची नाहीच. ठरावीक माणसांनी, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक उद्दिष्ट किती परिणामकारकपणे, कार्यक्षमतेने आणि समाधानाने गाठलं, असं ती विचारते. १९९८ सालची, २०१८ मध्ये सुधारलेली. 'वापरसुलभता'तून नेमकं ते उद्दिष्टच गळतं.

मला हे एका जिनिंगवाल्या (कापसातून सरकी काढायची गिरणी असलेल्या) नानांनी शिकवलं. त्यांच्या काट्यावरच्या कारकुनासाठी आम्ही स्क्रीन केली होती : भरली गाडी, रिकामी गाडी, ओलावा (काट्यावर सगळे मॉइश्चरच म्हणतात), भाव. ओलाव्याच्या चौकटीत आम्हीच ८ भरून ठेवला, तेवढंच एक बटण वाचलं. कारकून खूश. ट्रॅक्टर काट्यावरून उतरायच्या आत पावती तयार! महिन्याने नानांनी यादी काढली, तर दवात भिजून आलेला कापूस ८ आणि कडक उन्हात वाळलेलाही ८. त्यांना तो आकडा हवा होता भावावरून होणारी भांडणं मिटवायला. सीसीआयसुद्धा (सरकारी कापूस महामंडळ) ८ टक्क्यांपर्यंतच पूर्ण हमीभाव देते, १२ च्या वर घेत नाही. मधल्या एकेका टक्क्याला पैसे तुटतात. नाना एवढंच म्हणाले, "सोपं शे, पन मना कामनं नई." (सोपं आहे, पण माझ्या कामाचं नाही.)

जळगावहून : मग सरळ 'सोय' लिहू?

पारोळ्याहून : मला तोच आवडतो. 'सोयीचं' म्हटलं की लगेच 'कोणाच्या?' असं विचारावंच लागतं. कारकुनाच्या की नानांच्या? पण तक्त्यात 'सोय : ६८ गुण' विचित्र दिसेल खरं.

धुळ्याहून : आणि 'व्यावसायिक उद्दिष्ट' लिहू नका. व्यावसायिक म्हटलं की आयटीआयचा अभ्यासक्रम वाटतो, नाहीतर पट्टीचा नट. 'धंद्याचं उद्दिष्ट' लिहा, लाजायचं काय त्यात?

जळगावहून : मथळ्यात वापरसुलभता ठेवते, आणि खाली लगेच 'सोय कोणाची, कशासाठी' असं वाक्य. 'धंदा'वर साहेब लाल पेन चालवतील, बघू. भाऊ, ती ओलाव्याची चौकट आता रिकामी ठेवलीत ना?

पारोळ्याहून : ठेवली. आकडा टाकल्याशिवाय पावतीच निघत नाही. कारकून आमच्या नावाने बोटं मोडतोय.