सील बदलण्याआधी ब्रीदर बघा
मागच्या अ‍ॅक्सलमधलं (मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरचं) ऑइल बदलताना गाडी थोडी चालवून ऑइल गरम झाल्यावरच काढायचं, असं सांगतात ते अगदी बरोबर. थंड गिअर ऑइल संथ उतरतं आणि तळाचा गाळ आतच राहतो. फक्त खालच्या ड्रेन प्लगला (ऑइल काढायच्या बुचाला) पाना लावण्याआधी वरचा फिलर प्लग (ऑइल भरायचं बूच) सुटतोय ना, ते बघा. जुन्या गाडीत तो गंजून जाम झालेला असतो. खालून ऑइल काढून टाकलं आणि वरचा हललाच नाही, तर नवं ऑइल भरता येत नाही आणि गाडी जागेवरून हलवता येत नाही.

"नवीन ऑइल भरूनही मागच्या चाकाकडून गळतंय, म्हणजे सील पुन्हा बदला" असाही सल्ला देतात, तो मात्र मला पटला नाही. (सील म्हणजे ऑइल चाकाकडे जाऊ न देणारी रबरी कडी.) अ‍ॅक्सल हाऊसिंगच्या वरच्या बाजूला ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या छिद्राची) छोटीशी टोपी असते (काही गाड्यांत तिथून नळी वर नेलेली असते). ती चिखलाने बुजली की आत तापून फुगलेल्या हवेला वाट मिळत नाही आणि तोच दाब सीलच्या कडेतून ऑइल बाहेर ढकलतो. मग नवं सीलही गळणारच. माझ्या गाडीत ती टोपी मातीने इतकी लिंपली होती की बोटाने फिरतही नव्हती. काढून डिझेलमध्ये धुतली, फुंकून हवा आरपार जातेय याची खात्री केली, आणि चाकाच्या ब्रेक ड्रममध्ये उतरणारं ऑइल सील न बदलता थांबलं.

ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा राखाडी लगदा पाहून घाबरू नका, तो नेहमीच्या झिजेचा असतो. बोटांत चोळल्यावर कणी किंवा चकती लागली, तर मात्र मागचं कव्हर उघडून गिअरचे दात तपासाच.