गृहवित्त कंपनीवर सरकारी ताबा: कायद्यात बसतो, पण किंमत कोणी ठरवायची?

घोडबंदरकर (धागालेखक)

खाजगी गृहकर्ज कंपनी डबघाईला आली की रिझर्व्ह बँकेने किंवा सरकारने तिचा कारभार हातात घ्यावा, याला माझा विरोध नाही. माझा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. आधी कारभार जातो, मग हळूहळू कंपनीची किंमतही जाते, आणि त्या किमतीबद्दल भागधारकाला कोणापुढे उभं राहून बोलताच येत नाही.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन कंपन्यांच्या मागे तिथली जवळपास निम्मी गृहकर्जं उभी होती. 30 जुलै 2008 ला नवा कायदा झाला आणि सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात त्या कायद्याने जन्माला घातलेल्या नियामकाने दोन्ही कंपन्या ताब्यात घेतल्या. सरकारी खजिन्याने आधार दिला, बदल्यात 79.9 टक्के समभाग नाममात्र दरात घेण्याचा हक्क आणि 10 टक्के लाभांश घेतला. इथपर्यंत मी समजू शकतो, कारण पैसा जनतेचा होता. पण ऑगस्ट 2012 मध्ये, कंपन्या नफ्यात येऊ लागल्या तेव्हा, करार बदलला: ठरलेली थोडी राखीव रक्कम सोडली तर दर तिमाहीला जे काही नक्त मूल्य उरेल ते सगळं खजिन्यात. दोघींनी मिळून सुमारे 191 अब्ज डॉलर उचलले होते, खजिन्याकडे गेले 300 अब्जांहून जास्त. तात्पुरता म्हणून आणलेला हा ताबा दहा वर्षं उलटून गेली तरी उठला नाही. आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं की नियामक आपल्या अधिकारातच वागला.

आता आपल्याकडे या. दिवाण हाउसिंग या गृहकर्ज कंपनीचं संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने 20 नोव्हेंबर 2019 ला बरखास्त केलं, रिझर्व्ह बँक कायद्याच्या 45-आयई कलमाखाली (वित्त कंपनीचं मंडळ काढून कारभार हातात घेण्याचा अधिकार देणारं कलम). ते कलम लागू होऊन चार महिनेही झाले नव्हते. पुढे कंपनी पिरामल समूहाकडे गेली आणि जून 2021 मध्ये जुने शेअर शून्य किमतीने बाजारातून उतरवले गेले. प्रवर्तकांवर पैसे वळवल्याचे गंभीर आरोप आहेत, त्यांच्यासाठी मला एक अश्रू ढाळायचा नाही. पण ठाण्या-मुंबईत हजार-पाचशे शेअर घेऊन बसलेल्या माणसाने काय केलं होतं? त्याचं म्हणणं कुठल्या टप्प्यावर ऐकलं गेलं? हे कायदेशीर आहे असं मानलं, तरी हा कायदा पुरेसा आहे का, यावर मला चर्चा हवी आहे.

वाशीतला वकील

घोडबंदरकर, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. अमेरिकेत सरकार स्वतः लाभार्थी झालं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने दिवाणचा एक शेअरसुद्धा स्वतःच्या नावावर घेतला नाही. प्रशासक बसवला, प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणाकडे गेलं, धनकोंनी बोली मागवल्या आणि मतदान करून एक निवडली. याला सरकारने कंपनी गिळली असं म्हणता येणार नाही.

आणि हा प्रश्न आपल्या न्यायालयांनी फार आधी तासून काढला आहे, तोही महाराष्ट्रातल्याच एका गिरणीवरून. शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही सोलापूरची गिरणी 1949 मध्ये बंद पडली. जानेवारी 1950 मध्ये वटहुकूम काढून सरकारने आपले संचालक नेमले. एका भागधारकाने आव्हान दिलं, ते सर्वोच्च न्यायालयात 1950 मध्येच फेटाळलं गेलं. मग सरकारी संचालकांनी प्रेफरन्स शेअरधारकांकडून (ज्यांना ठरलेला लाभांश आधी मिळतो त्यांच्याकडून) शेअरचे उरलेले पैसे मागितले. त्यावर दुसरा खटला झाला आणि डिसेंबर 1953 मध्ये न्यायालयाने कायदा रद्द ठरवला: नाव कारभाराचं असलं तरी प्रत्यक्षात मालमत्ताच काढून घेतली आहे, आणि तीही भरपाईशिवाय.

या निकालानंतर 1955 मध्ये चौथी घटनादुरुस्ती झाली. तिने अनुच्छेद 31अ मध्ये सरळ लिहिलं की सार्वजनिक हितासाठी किंवा योग्य व्यवस्थापनासाठी मर्यादित काळापुरता कारभार घेणारा कायदा मूलभूत हक्कांच्या त्या कसोट्यांवर रद्द होणार नाही. 45-आयई या चौकटीत चपखल बसतं. कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि एकूण मुदत पाच वर्षांपलीकडे जात नाही. कायदेशीरपणाबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

घोडबंदरकर

वकीलसाहेब, सोलापूरचा निकाल तर माझ्याच बाजूने बोलतो. न्यायालयाने कागदावरचं नाव बाजूला ठेवून भागधारकाच्या हाती काय उरलं ते पाहिलं. घटनादुरुस्तीनेही संरक्षण दिलं ते मर्यादित काळाच्या कारभाराला, किंमत पुसून टाकण्याला नव्हे.

दिवाणमध्ये मंडळ गेलं 20 नोव्हेंबरला. 3 डिसेंबरला दिवाळखोरीचा अर्ज दाखलही करून घेतला गेला. तेरा दिवस. आणि वित्तीय कंपनीच्या बाबतीत असा अर्ज करण्याचा अधिकार नियामकालाच आहे. म्हणजे संचालकांना काढणार नियामक, प्रशासक सुचवणार नियामक, दिवाळखोरीत नेणार नियामक. मधल्या तेरा दिवसांत भागधारकाने कुठे जायचं होतं? 45-आयईमध्ये आधी नोटीस देऊन म्हणणं ऐकण्याची अट नाही. रिट घेऊन उच्च न्यायालयात जाता येतं, पण ते पाचशे शेअरवाल्याच्या आवाक्यातलं काम नाही.

ऐरोलीकर

मी कर्जदाराच्या बाजूने सांगतो. आमचं गृहकर्ज ज्या कंपनीकडे होतं तिची मालकी मध्ये बदलली. हप्ता त्याच तारखेला कापला गेला, व्याजाचा करार तोच राहिला, फ्लॅटची कागदपत्रं नव्या कंपनीकडे गेली. ताबा घेतल्याने कर्जदाराचं घर धोक्यात येतं असं कोणी घाबरवत असेल तर त्यात तथ्य नाही. उलट कंपनी तशीच कोसळली असती तर बांधकाम चालू असलेल्या इमारतींमधले, हप्त्या-हप्त्याने कर्ज मिळणारे लोक अधांतरी लटकले असते. घोडबंदर रोडवर अशा किती इमारती होत्या हे धागालेखकांना माहीत असणारच.

सोसायटीत भांडणं झाली, हिशेब मिळेनासे झाले की उपनिबंधक प्रशासक नेमतात. त्याने आपला फ्लॅट जात नाही. इथेही तेच समजा.

घोडबंदरकर

ऐरोलीकर, सोसायटीचंच घेऊ. सहकार कायद्याखाली समिती बरखास्त करण्याआधी तिला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. आणि सोसायटीवर आलेला प्रशासक वर्षा-दीड वर्षाने निघतो तेव्हा तुमचा फ्लॅट तुमच्या नावावर असतो. दिवाणमधला प्रशासक गेला तेव्हा भागधारकाच्या नावावर काहीच नव्हतं.

कोपरखैरण्याचा भूमिपुत्र

हा वाद आम्हाला नवा नाही. नवी मुंबईसाठी 1970 पासून 95 गावांची जमीन घेतली गेली. संपादन कायदेशीरच होतं, 1894 च्या कायद्याखाली. जासई-उरणला जानेवारी 1984 मध्ये गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली लढलो म्हणून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले.

पण एक गोष्ट त्या जुन्या इंग्रजी कायद्यातही होती. जिल्हाधिकाऱ्याने ठरवलेला भाव मान्य नसेल तर कलम 18 खाली अर्ज करून प्रकरण दिवाणी न्यायालयात नेता यायचं. आमच्या घरातल्या अंगठेबहाद्दर माणसांनीही हे केलंय. वर्षानुवर्षं लागली, पण भाव वाढवून मिळाला. मला घोडबंदरकरांचं म्हणणं असं कळतंय की भागधारकाला हे कलम 18 च नाही. तसं असेल तर मी त्यांच्या बाजूने आहे. घेणाऱ्यानेच भाव ठरवायचा आणि त्यावर दाद नाही, हे शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजालाही पटलं नव्हतं.

खारघरची सीए

दादा, तुमच्या लढ्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, ही तुलना इथे लागू पडत नाही. शेतकऱ्याची जमीन त्याच्या स्वतःच्या मालकीची होती, तिला बाजारभाव होता. दिवाणवर मान्य झालेले दावे होते सुमारे 87,000 कोटींचे. निवडली गेलेली बोली सुमारे 34,250 कोटींची. जिथे धनकोंचेच निम्म्याहून जास्त पैसे बुडाले तिथे भागधारकाचा वाटा शून्यच येतो. दिवाळखोरी संहितेच्या कलम 53 मध्ये रांग ठरलेली आहे आणि समभागधारक त्या रांगेत शेवटचा. शेअर घेतानाच हा करार आपण स्वीकारलेला असतो: नफ्यात अमर्याद वाटा आणि बुडाल्यावर सगळ्यांच्या मागे.

मूल्यांकन झालंच नाही हेही खरं नाही. संहितेखाली दोन नोंदणीकृत मूल्यांककांकडून रास्त मूल्य आणि अवसायन मूल्य (कंपनी मोडून विकली तर येणारी किंमत) काढून घ्यावं लागतं.

ब्रिटनमधलं नॉर्दर्न रॉक पाहा. गृहकर्ज देणारीच बँक. फेब्रुवारी 2008 मध्ये तिचं थेट राष्ट्रीयीकरण झालं. स्वतंत्र मूल्यांकक नेमला, पण कायद्याने त्याला सांगितलं होतं की सरकारी मदत नसती असं धरून किंमत काढा. उत्तर आलं शून्य. भागधारक युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले, 2012 मध्ये तिथेही अर्ज फेटाळला गेला. सरकारी पैशाने उभ्या राहिलेल्या किमतीवर जुन्या भागधारकांचा हक्क नाही, हे तत्त्व मला योग्य वाटतं.

नौपाड्यातली आजी

तुम्ही सगळे भागधारकांचं बोलताय. ठेवीदारांचं कोण बोलणार? आमच्या नात्यातल्या एका बाईंनी पतीच्या निवृत्तीचे पैसे एका वित्त कंपनीत ठेवले, बँकेपेक्षा एक-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून. एजंट घरी येऊन फॉर्म भरून घेऊन गेला. कंपनी अडचणीत आल्यावर कळलं की पाच लाखांचा ठेव विमा फक्त बँकांना आहे, अशा कंपन्यांना नाही. हातात आलं ते मूळ रकमेच्या एका लहानशा भागाएवढं. त्या वयात तो पैसा पुन्हा कमावता येत नाही.

शेअर घेणाऱ्याने धोका पत्करलेला असतो, त्याला तो ठाऊक असतो. ठेव ठेवणाऱ्याला वाटतं आपण सुरक्षित आहोत. मला तर वाटतं ताबा घ्यायला उशीर होतो. आधी नोटीस द्या, सुनावणी घ्या म्हणाल तर त्या पंधरा दिवसांत उरलासुरला पैसाही निघून जाईल.

घोडबंदरकर

आजी, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी वाद घालणार नाही. आधी नोटीस नको, हे मान्य. ताबा एका रात्रीत घ्या. सुनावणी नंतर होऊ शकते, महिन्याभरात.

सीए ताई, संहितेखालचं मूल्यांकन धनकोंच्या समितीसाठी असतं. भागधारक त्या समितीत नाही, तिच्या बैठकीत नाही, आणि मूल्यांकनाचा अहवाल त्याच्या हाती येत नाही. नॉर्दर्न रॉकच्या भागधारकाला निदान स्वतंत्र मूल्यांकक आणि वर दाद मागायची पायरी मिळाली. शून्य आलं तर शून्य. ते मला मान्य आहे. पण त्या शून्याचा हिशेब ज्याचं गेलं त्याला दाखवला गेला पाहिजे.

वाशीतला वकील

न्यायालयं हातावर हात ठेवून बसत नाहीत, हेही लक्षात घ्या. येस बँकेच्या प्रशासकाने मार्च 2020 मध्ये 8,415 कोटींचे एटी-1 रोखे (बँकेचे जास्त जोखमीचे कर्जरोखे) पुसून टाकले. जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की प्रशासकाला तो अधिकार नव्हता, आणि निर्णय रद्द केला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. दिवाणमध्येही, पिरामलच्या मंजूर योजनेत फसवणुकीच्या व्यवहारांतून होणाऱ्या वसुलीची किंमत एक रुपया धरली होती. त्यावर अपील झालं, 2022 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ते फेरविचाराला पाठवलं, आणि एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ योजना कायम केली. तीन पातळ्यांवर तपासणी झाली. अजून काय हवं?

अमेरिकेतही 2012 चा करार न्यायालयाच्या तपासणीतून पूर्णपणे सुटला नाही. 2023 मध्ये वॉशिंग्टनच्या ज्यूरीने भागधारकांना 61 कोटी 24 लाख डॉलर द्यायला सांगितले, करारातल्या सद्भावनेचा भंग झाला म्हणून.

घोडबंदरकर

तुम्ही दिलेली दोन्ही भारतीय उदाहरणं रोखेधारकांची आहेत. एका रुपयाचा मुद्दा लढला तो डिबेंचर, म्हणजे कंपनीचे कर्जरोखे, असलेल्या पक्षाने. धनकोला दाद आहे, बोली लावणाऱ्याला आहे, भागधारकाला दार कुठे आहे ते अजून कोणी दाखवलं नाही. अमेरिकेतल्या भागधारकांना ज्यूरीपर्यंत पोचायला 11 वर्षं लागली, पण निदान पोचता आलं.

माझी मागणी छोटी आहे. 45-आयईमध्ये तीन गोष्टी घाला: आदेशानंतर महिन्याभरात भागधारकांची सुनावणी, आदेशाच्या दिवशीचं स्वतंत्र मूल्यांकन आणि त्याचा अहवाल जाहीर, आणि त्यावर एक अपील. ताबा थांबवायचा नाही, विक्री थांबवायची नाही. अपिलात किंमत जास्त ठरली तर फरक पैशांत द्या.

खारघरची सीए

फरक देणार कोण? घेणारी कंपनी देणार असेल तर ती बोली तेवढीच कमी लावेल, म्हणजे शेवटी आजींच्या नात्यातल्या बाईंच्याच खिशातून जाईल. सरकार देणार असेल तर करदात्याच्या. आणि आदेशाच्या दिवशीची पुस्तकं खरी नसतील तर? दिवाणमध्ये बनावट कर्जखात्यांचा मोठा आरोप प्रशासक आल्यानंतरच्या लेखापरीक्षणातून पुढे आला. 20 नोव्हेंबरचा ताळेबंद धरून काढलेली किंमत फुगलेलीच निघाली असती.

घोडबंदरकर

मूल्यांकन आदेशाच्या दिवसाचं असावं, पण ते करताना नंतर उघड झालेली माहितीही वापरावी. मालमत्ता त्या दिवशी होती तशीच धरायची, आपल्याला ती उशिरा कळली एवढंच. आणि फरक द्यायचा झाला तर तो केंद्र सरकारने द्यावा. ज्या सत्तेने ताब्याचा अधिकार घेतला, चुकीच्या किमतीचा भारही तिनेच उचलावा.

वाशीतला वकील

केंद्राने का? केंद्राला त्यातून एक रुपयाही मिळालेला नाही. भरपाईचं बंधन मालमत्ता घेणाऱ्यावर असतं, नियमन करणाऱ्यावर नाही. 1970 मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईवरून पहिला कायदा रद्द केला, कारण तिथे 14 बँकांचे उद्योग सरकारच्या मालकीत आले होते. इथे तसं काही घडलेलं नाही. सुनावणीची तुमची सूचना मला पटते, तिचा मसुदा करायला मी तयार आहे. भरपाईची पटत नाही.

कोपरखैरण्याचा भूमिपुत्र

वकीलसाहेब, आधी सुनावणीचाच मसुदा टाका इथे. मूल्यांकनाचा अहवाल भागधारकाच्या हातात देण्याचं कलमही त्यात जोडा. भरपाईवर त्यानंतर भांडू.