मुलांच्या अंगावरचं पुरळ: शेवटी कारण काय निघालं?

माझी लेक साडेतीन वर्षांची. जुलैपासून तिच्या पोटऱ्यांवर आणि कमरेवर लाल, टणक पुळ्या येत होत्या, मधोमध बारीक टिंब. आठवडाभराने काळा डाग ठेवून बसायच्या, तोवर शेजारी नव्या तयार. सासूबाई म्हणाल्या उष्णता, आईने अंडं बंद करायला लावलं, मी तीन साबण बदलले. त्वचेच्या डॉक्टरांनी पुळ्या बघितल्या आणि विचारलं, "घरात मांजर येतं का?"

येतं. गॅलरीतल्या जुन्या सोफ्यावर झोपतं, दुपारी लेकही तिथेच लोळते. पिसवा! काही मुलांचं अंग किड्यांच्या चाव्याला असं चिडतं की नवा चावा बसला की जुन्या जागाही परत फुलतात. त्याच पिसवा आम्हालाही चावत असणार, पण आमच्या अंगावर काही दिसत नव्हतं, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सोफा भंगारात गेला, मांजराला औषध लावलं. बिचारीचं अंडं मात्र महिनाभर उगाच बुडालं.

तुमचे अनुभव लिहा. क्रीमची नावं नकोत. पुरळ कुठे होतं, कधी वाढायचं आणि आधी खापर कशावर फोडलं होतं, ते हवं.

एक बाबा, नाशिक
करदोटा! कमरेभोवती अगदी आखल्यासारखा लाल पट्टा. आंघोळीनंतर काळा दोरा दिवसभर ओलाच राहायचा. आजी कापू देईना, शेवटी चांदीच्या साखळीवर तह झाला.

आजी, सातारा जिल्हा
नातू सुट्टीत आला की दोन दिवसांत मानेवर, पाठीवर गांधी उठायच्या. सून म्हणायची, गावचं पाणी बाधतं. मलाही ते लागलं मनाला. मग एकदा धुतलेला सदरा घालताच तो किंचाळला. सदरा उन्हात तिरका धरला तर सोनेरी कुसं चमकली. कपड्यांची दोरी शेवग्याखाली, आणि खोडावर केसाळ सुरवंटांचा गालिचा. त्याची पाठ चोळू दिली नाही. चिकटपट्टी लावून उचलली, तशी कुसं निघाली, मग पाण्याने धुतली. दोरी आता परसाच्या दुसऱ्या टोकाला आहे. पाणी तेच आहे हो.

अकरा महिन्यांच्या बाळाची आई
तीन दिवस १०३ ताप, बाकी काही नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि छाती-पाठीवर गुलाबी ठिपके. घरात "गोवर, गोवर" सुरू, दाराला कडुलिंबाचा डहाळासुद्धा लागला. डॉक्टर म्हणाले, क्रम बघा. गोवरात पुरळ येताना ताप चढलेला असतो, डोळे लाल, नाक वाहतं, खोकला. इथे ताप गेल्यावर पुरळ आलं आणि बाळ खेळतंय. रोझिओला निघाला, म्हणजे लहान बाळांना होणारा विषाणूचा ताप. दोन दिवसांत अंग स्वच्छ.

नाव नको, ठाणे
लाज वाटते, तरी लिहिते. खरूज. बाळाच्या तळव्यांवर, तळपायांवर बारीक पुळ्या आणि रात्री नुसती खाजवाखाजव. औषधाच्या दुकानातून आणलेलं स्टिरॉइडचं मलम महिनाभर लावलं. त्याने लाली दबली, त्यामुळे ओळखायलाच उशीर झाला. बालरोगतज्ज्ञांनी बाळाला सोडून माझे हात बघायला मागितले. बोटांच्या बेचक्यात मलाही तेच! मग घरातल्या पाचही जणांनी आणि बाळाला सांभाळणाऱ्या मावशींनी एकाच रात्री औषध लावलं, आठवड्याने परत. कपडे, चादरी गरम पाण्यात. ज्यांना खाज नव्हती त्यांची मनधरणी करणं सगळ्यात अवघड. घाणीमुळे होते हा समज खोटा आहे, ती अंगाला अंग लागून पसरते.

एक आई, लेस्टर, इंग्लंड
मुलगा पाच वर्षांचा. सर्दी झाल्यावर पंधरा दिवसांनी पायांवर आणि ढुंगणावर जांभळट ठिपके. इथे आयांना शिकवतात तसा काचेचा पेला दाबून बघितला. लाली दाबल्यावर जाते, हे ठिपके तसेच. रात्रीच हॉस्पिटल गाठलं. घोटा सुजला होता, पोटात कळा. हेनोख-शोनलाइन परप्युरा: बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते. आपोआप बरं झालं, पण मूत्रपिंडांसाठी सहा महिने लघवी तपासत होतो. पेल्याखाली न जाणारे ठिपके आणि ताप, किंवा मूल मलूल असेल, तर असे ऑनलाइन धागे वाचत बसू नका. निघा.

रत्नागिरीची, सध्या पुण्यात
आमच्याकडे कारण निघालंच नाही. पित्त उठायचं, मांडीवरचा चट्टा दुपारपर्यंत गायब, संध्याकाळी पाठीवर दुसरा. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांत बहुतेकदा विषाणूचा ताप-सर्दी होऊन गेल्यावर उठतं; ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर मात्र लगेच या. मी तरी वही घातली: काय खाल्लं, कुठे गेला, काय ल्यायला. पाच आठवड्यांनी थांबलं. वहीत सापडलं एवढंच, की पोरगं रोज भेंडी टाकून देत होतं. आणि पानापानांवर आमसुलाच्या पाण्याचे डाग, कारण आईने ते लावल्याशिवाय ऐकलं नाही.