मदत हवी आहे : महागड्या गिटारच्या तोडीची, पण परवडणारी इलेक्ट्रिक गिटार (शुक्रवारपर्यंत उत्तर हवे)

सूर फैजपूर (मंगळवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मला परवडणारी, पण वाजवताना आणि ऐकताना महागड्या गिटारच्या तोडीची वाटेल अशी इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. शुक्रवारी रात्री भुसावळहून गाडी आहे. शनिवारी सकाळी मुंबईत उतरून धोबीतलावच्या दुकानांतून गिटार घ्यायची आणि रात्रीच्या गाडीने परत निघायचे, असे ठरले आहे. गेले पंधरा दिवस मी चित्रफिती पाहतो आहे. त्यांत एक जण स्क्वायर सांगतो, दुसरा यामाहा पॅसिफिका, तिसरा आयबानेझ आणि चौथा कॉर्ट. प्रत्येकाचे म्हणणे हेच की आपली गिटार लाखाच्या गिटारला मागे टाकते. कृपया एकच नाव सांगा आणि तेच का, हे दोन ओळींत लिहा. वेळ खरोखर कमी आहे.

तापीकाठ (मंगळवार, रात्री १०:०५)

आपण एकच नाव मागितले आहे, परंतु ते सांगण्यासाठी लागणारे काहीच लिहिलेले नाही. परवडणारी म्हणजे किती रुपयांची? वाजवणार कोण, आणि काय वाजवणार? ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र) आहे का? एवढे कळल्याशिवाय दिलेले उत्तर हा केवळ अंदाज ठरेल.

यावलचा वादक (मंगळवार, रात्री १०:३०)

मी कोणतीही माहिती न विचारता सांगतो : यामाहा पॅसिफिका ११२. माझ्याकडे ती अकरा वर्षे आहे आणि तिच्या नेकची (लांब दांडीची) तक्रार मला आजवर एकदाही करावी लागलेली नाही. तिच्यात दोन सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे) पिकअप, म्हणजे तारांची हालचाल विद्युत संदेशात बदलणारे भाग आहेत आणि ब्रिजपाशी (खाली तारा जिथे टेकतात तिथे) एक हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) आहे, त्यामुळे जुनी हिंदी गाणी आणि जोरकस रॉक या दोन्हींसाठी वेगळी गिटार लागत नाही. माझ्या एका मित्राकडे अमेरिकेत बनलेली, दीड लाखाहून अधिक किमतीची फेंडर आहे. आम्ही दोघांनी एकाच ॲम्पवर दोन्ही गिटार आळीपाळीने वाजवल्या, तेव्हा पाठमोऱ्या बसलेल्या चौघांपैकी तिघांना कोणती कोणती ते ओळखता आले नाही.

सिंगल कॉइल (मंगळवार, रात्री ११:१२)

यावलच्या दादांचा अनुभव मी नाकारत नाही, पण त्यांनी सांगितलेली परीक्षा श्रोत्यांची झाली; वादकाच्या हाताला काय जाणवले, ते त्यांनी लिहिलेले नाही. माझे मत स्क्वायरच्या क्लासिक व्हाइब मालिकेकडे आहे. स्क्वायर हे फेंडरचेच नाव आहे आणि १९८२ पासून फेंडरच्या गिटारांची कमी किमतीतील रूपे या नावाने निघतात. तारेची वाजणारी लांबी तीच साडेपंचवीस इंच, आराखडा तोच. फरक असतो तो तारा ताणणाऱ्या खुंट्या, नट (नेकच्या वरच्या टोकाचा, तारांच्या खाचांचा तुकडा), आतील पोटेन्शिओमीटर (आवाजाच्या बटणांखालचे भाग) आणि फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) कडा घासून गुळगुळीत करण्यासाठी दिलेला वेळ यांत. लाकूड कापणारी यंत्रे आता संगणकावर चालतात, त्यामुळे इंडोनेशियातील कारखान्यात कापलेला नेकसुद्धा अचूक मापाचा येतो. कॉर्टची मूळ कंपनी तर तिथे स्वतःच्या गिटारांबरोबर कितीतरी नामांकित कंपन्यांच्या गिटार बनवून देते.

सूर फैजपूर (बुधवार, सकाळी ७:१५)

सर्वांचे आभार, पण पुन्हा दोन नावे झाली. तापीकाठ यांच्या प्रश्नांची उत्तरे अशी : सगळे मिळून पंचवीस हजार रुपये. गिटार माझ्या धाकट्या बहिणीसाठी आहे. ती दोन वर्षांपासून साधी गिटार वाजवते. आमचा ऑर्केस्ट्रा आहे, मी कीबोर्डवर असतो. हळदीचे आणि लग्नाचे कार्यक्रम, अहिराणी गाणी, जुनी हिंदी गाणी, अधूनमधून लावणी असा आमचा साज आहे. ॲम्प नाही आणि घेणारही नाही, कारण मिक्सर आहे. वायर थेट त्याला जोडू. आता कृपया नाव सांगा.

मंडपातला आवाज (बुधवार, सकाळी ८:५०)

मी पंधरा वर्षे ध्वनियंत्रणा लावतो, त्यामुळे 'वायर थेट मिक्सरला जोडू' हे वाक्य वाचून उत्तर लिहायला बसलो. भाऊ, इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. त्यातून निघणारा संदेश इतका दुबळा असतो की त्याला सुमारे दहा लाख ओहम रोधाचा इनपुट लागतो. मिक्सरच्या लाइन इनपुटचा रोध त्या मानाने फारच कमी असतो, म्हणून वरच्या पट्टीतील सगळी चमक गिळली जाते आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा दबका येतो. तुमचा कीबोर्ड असा संदेश स्वतःच मजबूत करून पाठवतो, म्हणून तुम्हाला हा अनुभव आलेला नसणार. लाखाची गिटार थेट जोडली तरी ती चार हजारांच्या गिटारसारखीच वाजेल. तेव्हा पंचवीसपैकी काही हजार बाजूला काढून निदान एक ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा दुबळा संदेश मिक्सरला चालेल असा करून देणारी डबी) घ्या. जमल्यास ॲम्पचा आवाज निर्माण करणारा छोटा मल्टी-इफेक्ट प्रोसेसर घेतलात तर अधिक चांगले.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. जनरेटरवरच्या कार्यक्रमात अर्थिंग तपासल्याशिवाय बहिणीच्या हाती गिटार देऊ नका. गिटारच्या तारा ब्रिजमार्फत अर्थच्या वायरला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसलेल्या मंचावर एका हाताने तारा धरून ओठ माइकला लागले, तर झटका बसतो. रावेर तालुक्यातील एका हळदीच्या कार्यक्रमात हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. गायक मागे कोसळला, सुदैवाने बचावला. त्या रात्री कोणीतरी तीन पिनांच्या प्लगची वरची पिन वाकवून तो दोन पिनांच्या बोर्डात बसवला होता.

यावलचा वादक (बुधवार, सकाळी ९:२०)

मंडपात विजेची घरघरही असते, म्हणूनच मी हंबकर म्हणत होतो. सिंगल कॉइल पिकअप आसपासच्या विजेची पन्नास हर्ट्झची घरघर पकडतो. हंबकरमध्ये दोन कॉइल उलट दिशेने गुंडाळलेल्या आणि उलट चुंबकांवर बसवलेल्या असतात, म्हणून तारेचा आवाज बेरजेत येतो आणि घरघर एकमेकींना खोडून काढते. मंडपातील दिव्यांच्या माळा आणि जनरेटर यांच्या शेजारी सिंगल कॉइल घेऊन उभे राहणे म्हणजे गाण्याच्या प्रत्येक विरामात घरघर ऐकवणे.

सिंगल कॉइल (बुधवार, सकाळी ९:४१)

हे अर्धेच खरे आहे. तीन सिंगल कॉइलच्या बहुतेक आधुनिक गिटारांत मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, म्हणून पिकअप निवडायचा स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवला (म्हणजे मधला आणि शेजारचा पिकअप एकत्र चालू झाला) की तीच घरघर निघून जाते. अहिराणी गाण्यांच्या ठेक्यावर जो स्वच्छ, टणत्कारी आवाज लागतो, तो नेमका याच दोन जागांवर मिळतो. हंबकरचा जाड आवाज कीबोर्डच्या पट्ट्यात घुसतो आणि दोघांचे काहीच ऐकू येत नाही.

सागवान (बुधवार, दुपारी १२:३०)

मी सुतारकाम करतो आणि या चर्चेत लाकूड कोणते असते, याचा कोणी उल्लेखही केला नाही, याचे मला वाईट वाटते. स्वस्त गिटारांच्या फ्रेटबोर्डसाठी (नेकवरच्या, बोटे दाबायच्या फळीसाठी) 'इंडियन लॉरेल' असे लिहिलेले असते, ते लाकूड म्हणजे आपला ऐन. २०१७ मध्ये शिसवीच्या साऱ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि कंपन्या पर्यायी लाकडांकडे वळल्या. वाद्यांना पुढे सूट मिळाली, तरी ऐन टिकून राहिला. सातपुड्यात वाढणारे हे झाड जगभरच्या गिटारांत बसते, तर आपणच गिटार का बनवू नये? क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवायला घेतली, तिचा नेक एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून काढला आणि तीच गिटार पुढे जगभर वाजवली. सामान आणून दिलेत तर मी बॉडी कापून देईन.

तापीकाठ (बुधवार, दुपारी १:१०)

सागवान दादा, आपली तळमळ पोहोचली. परंतु त्या बापलेकांना गिटार पूर्ण करायला जवळपास दोन वर्षे लागली होती आणि इथे शुक्रवारची गाडी आहे. शिवाय इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप फक्त पोलादी तारेची हालचाल ओळखतो, लाकडाचा आवाज नव्हे. गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास पाइनच्या चार इंची ओंडक्यावर नेक आणि पिकअप बसवून हेच दाखवून दिले होते. लाकूड टिकाऊ आणि पुरते वाळलेले हवे, एवढे मात्र मी मान्य करतो.

सूर फैजपूर, माझा आणखी एक प्रश्न आहे. सध्याच्या गिटारमध्ये बहिणीला नेमका त्रास काय होतो? त्यावरून पुढच्या गिटारमध्ये काय पाहायचे, ते ठरेल.

सूर फैजपूर (बुधवार, रात्री ८:३०)

त्रास असा की सर्वांत बारीक तार मोकळी छेडली की झणझणते, आणि जाड तार नटच्या खाचेत बसतच नाही, वर तरंगते. पहिल्या फ्रेटवर ती दाबताना तिची बोटे दुखतात. दुकानदाराने स्वस्त गिटारचा हा दोषच असतो असे सांगितले, म्हणून तर चांगली घ्यायची आहे. तारा मी स्वतः बदलल्या आहेत, उलट्या लावल्या आहेत, कारण ती डावखुरी आहे.

तापीकाठ (बुधवार, रात्री ८:४४)

ती डावखुरी आहे, हे पहिल्या ओळीत यायला हवे होते! आतापर्यंतची सगळी उत्तरे उजव्या हाताच्या गिटारसाठी होती.

सूर फैजपूर (बुधवार, रात्री ८:५२)

घरात सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे लिहायचे राहून गेले. आता पुन्हा उलट्या तारा लावून चालणार नाही का? प्रसिद्ध रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स तसेच करत असे, असे मी वाचले आहे.

सिंगल कॉइल (बुधवार, रात्री ९:३०)

हेंड्रिक्स उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर (फेंडरची गिटार) उलटी धरून, तारांचा क्रम बदलून वाजवत असत, हे खरे आहे. त्यामुळे त्यांच्या ब्रिजजवळच्या तिरप्या पिकअपचा कोनही उलटा होई. जाड तारांचा आवाज ब्रिजच्या अधिक जवळून आणि बारीक तारांचा थोडा लांबून उचलला जाई. अल्बर्ट किंग तर तारांचा क्रमही न बदलता उलटी गिटार वाजवत. मार्क नॉफ्लर डावखुरे असूनही उजव्या हातानेच वाजवतात. म्हणजे तिन्ही वाटा चालतात. पण उलट्या गिटारवर व्हॉल्यूमची बटणे मनगटाखाली येतात आणि तारा छेडताना आवाज आपोआप कमी-जास्त होतो. दोन वर्षे डाव्या हाताने वाजवलेल्या मुलीला आता उजव्या हाताने शिकायला लावू नये. डावखुरी गिटारच घ्यावी.

गिटार दुरुस्ती, जळगाव (बुधवार, रात्री १०:१५)

झणझण आणि तरंगणारी तार ही दोन्ही एकाच चुकीची लक्षणे आहेत. नटमध्ये प्रत्येक तारेसाठी तिच्या जाडीएवढी खाच कापलेली असते. तारा उलट्या लावल्यावर सर्वांत बारीक तार सर्वांत रुंद खाचेत गेली, म्हणून ती तिथे हलते आणि झणझणते. जाड तार बारीक खाचेत मावली नाही, म्हणून ती वर राहिली आणि पहिल्या फ्रेटवर दाबायला जड झाली. गिटारचा यात काही दोष नाही. डाव्या हाताच्या क्रमाने नवा नट कापला की हे दोन्ही त्रास जातील, आणि तो खर्च काही शे रुपयांचा आहे. ब्रिजवरची तिरपी पट्टीही उजव्या हाताच्या हिशेबाने बसवलेली असते, त्यामुळे बाराव्या फ्रेटच्या पुढे सूर थोडे हलतील. साध्या गिटारवर तेवढे चालून जाते.

नव्या गिटारबद्दल सांगायचे, तर महागड्या आणि स्वस्त गिटारमधील निम्मे अंतर सेटअपने (तारांची उंची आणि सूर जुळवण्याने) भरून निघते, असा माझा रोजचा अनुभव आहे. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर ठेवावी. बारावा फ्रेट दाबून येणारा सूर आणि तिथेच नुसते बोट टेकवून येणारा हार्मोनिक जुळतो का, ते ट्यूनरवर पाहावे. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे सरकवावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, नेकचे लाकूड सुकून रुंदीला आकसते आणि फ्रेटची टोके कडेला बाहेर येऊन हाताला खुपू लागतात. कूलरच्या झोतासमोर गिटार टांगणारे गिऱ्हाईक माझ्याकडे दर उन्हाळ्यात येते. दिवसभर ओलावा आणि रात्री कूलर बंद झाल्यावर कोरडेपणा, या फेऱ्यात नेक वाकतो. गिटार पेटीतच ठेवावी.

यावलचा वादक (गुरुवार, सकाळी ७:४०)

यामाहाने पॅसिफिका ११२ चे डावखुरे रूप काढलेले आहे आणि स्क्वायरही काही मॉडेले डावखुरी बनवते. मात्र ती दुकानात टांगलेली सापडतीलच असे नाही, बहुधा मागवावी लागतात. शुक्रवारी गाडीत बसण्यापूर्वी दुकानांना फोन करा, आणि डावखुरी गिटार प्रत्यक्ष शिल्लक आहे का, हे स्पष्ट विचारा. पंचवीस हजारांत डीआय बॉक्स बसवायचा असेल तर पॅसिफिकाचा आग्रह मी सोडतो. जी डावखुरी गिटार हातात घेऊन वाजवता येईल, ती घ्या.

सूर फैजपूर (रविवार, सायंकाळी ६:२०)

गाडी रद्द केली. तीन दुकानांना फोन केले, दोघांकडे डावखुरी गिटार नव्हती. तिसऱ्याकडे स्क्वायरची एक डावखुरी स्ट्रॅटोकास्टर येत्या महिन्यात येणार आहे. ती आल्यावर बहिणीला घेऊनच जाईन, ती वाजवून पाहील आणि मगच पैसे देऊ. डीआय बॉक्ससाठी रक्कम वेगळी ठेवली आहे आणि आमच्या बोर्डांची अर्थिंग काल वायरमनकडून तपासून घेतली. पाचपैकी दोन बोर्डांना अर्थिंग नव्हतीच.

काल जळगावला जाऊन जुन्या गिटारचा नट बदलून आणला. हाडाच्या तुकड्यावर दादांनी माझ्यासमोर एकेक खाच कानसीने घासली, प्रत्येक वेळी तार बसवून पाहिली आणि पुन्हा काढली. बहीण रात्री अकरापर्यंत ती वाजवत बसली होती. आता तिचा प्रश्न आहे की नव्या गिटारवर नऊच्या तारा लावाव्यात की दहाच्या (सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत)?

गिटार दुरुस्ती, जळगाव (रविवार, रात्री ९:०५)

आधी कारखान्यातून येतील त्याच राहू द्या. स्क्वायरच्या या गिटारांवर बहुधा नऊच्या असतात. साध्या गिटारच्या जाड तारांची सवय असलेल्या हाताला नऊची तार सुरुवातीला फार मऊ वाटते आणि जोराने दाबल्यामुळे सूर चढतो. महिनाभरात ती सवय गेली नाही, तर दहाच्या लावू. मात्र जाडी बदलली की ट्रस रॉड (नेकचा वाक सांभाळणारी आतली सळई) आणि सॅडल पुन्हा जुळवावे लागतात, तेव्हा गिटार घेऊन या.