सोलापूर लॅब: ६५ वॉटच्या प्रोसेसरला ३६० वॉटचा यूपीएस पुरेना

प्रेषक: खजिनदार

मंडळी, नमस्कार.

सोलापूरच्या डिझाइन लॅबसाठी मंडळाच्या निधीतून जे संगणक घेतले, त्यांत इंटेलचा कोअर आय७-१३७०० हा प्रोसेसर आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. खोक्यावर ६५ वॉट छापलंय. प्रत्येकाला ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॉटचा यूपीएस दिलाय. चादरीचं जकार्ड डिझाइन काढेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. ३डी रेंडर लावलेला असताना वीज गेली, की यूपीएस ओव्हरलोड दाखवून धाडकन बंद होतो. ६५ वॉटला ३६० वॉट अपुरे पडतात, हा काय प्रकार? मोठे यूपीएस घ्यायचे तर पुन्हा हात पसरावे लागतील.

प्रेषक: तांत्रिक समिती

काका, यूपीएस बदलायची घाई करू नका.

६५ वॉट ही विजेची कमाल मर्यादा नव्हेच. हा प्रोसेसर आपल्या बेस वेगाने, म्हणजे मुख्य कोर २.१ गिगाहर्ट्झवर, सगळे कोर कामाला लावून चालला तर सरासरी किती उष्णता बाहेर काढावी लागेल, त्याचा तो आकडा आहे. पण २.१ वर हा गडी थांबतो कुठे? टर्बोत, म्हणजे जोर लागेल तेव्हा आपोआप वाढणाऱ्या वेगात, तो ५.२ पर्यंत जातो. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि वीज वेगाच्या पटीत वाढते ती वाढतेच, वर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे शेवटच्या काहीशे मेगाहर्ट्झची किंमत फार जबर असते.

बाराव्या पिढीपासून (२०२१) इंटेल टीडीपीऐवजी (थर्मल डिझाइन पॉवर, म्हणजे कूलरने बाहेर काढायच्या उष्णतेचा आकडा) दोन आकडे देतं: बेस पॉवर आणि मॅक्झिमम टर्बो पॉवर. १३७०० चे ते ६५ आणि २१९ आहेत. दुकानदार पहिला सांगतो, यूपीएसला दुसरा भरावा लागतो.

आता हिशेब बघा. प्रोसेसरला २१९ वॉट पोचवताना मदरबोर्डचं व्हीआरएम (प्रोसेसरला लागेल तेवढं व्होल्टेज करून देणारा भाग) ८८ टक्के कार्यक्षम धरलं, तर २४९ लागतात. रॅम, एसएसडी, पंखे आणि बोर्डाचे ३५ मिळवले की २८४. एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) ८५ टक्के धरला तर प्लगवर ३३४. मॉनिटरचे २५ धरून ३५९. तुमचा यूपीएस ३६० चा, म्हणजे अगदी काठावर. मेन्सवर असताना हा भार थेट लाइनमधून जातो, म्हणून चालून जातं. बॅटरीवर आला की इन्व्हर्टरला तो पेलत नाही.

तरीही एक गोष्ट खटकते. इंटेलच्या नियमाप्रमाणे २१९ (पीएल२, म्हणजे पॉवर लिमिट २) ही थोड्या वेळाची मुभा असते. चालती सरासरी ६५ ला (पीएल१, म्हणजे दीर्घ वेळाची मर्यादा) टेकली की प्रोसेसरने खाली यायचं. ही सरासरी किती काळाची, ते 'टाउ' ठरवतो. टाउ २८ सेकंद असला म्हणजे २१९ वॉट २८ सेकंद मिळतात असं मात्र नाही. सरासरी घातांकी आहे, म्हणजे ताज्या वापराला तीत जास्त वजन असतं. १० वॉटच्या विश्रांतीतून थेट २१९ वर उडी मारली, तर गणिताने साधारण साडेआठ सेकंदांतच ती ६५ ओलांडते. म्हणजे दहा मिनिटं चाललेल्या रेंडरमध्येही यूपीएस पडत असेल, तर पीएल१ च कोणीतरी उचलून ठेवलाय. सोलापूरहून कोणी बायोस (बोर्डाच्या मूळ सेटिंगचा पडदा) उघडून बघेल का?

प्रेषक: लॅब, सोलापूर

सर, बघितलं. लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट (पीएल१) ४०९६ वॉट आहे, शॉर्ट ड्युरेशनपण (पीएल२) ४०९६. पहिल्यांदा चालू करताना बोर्डाने कूलर कुठला ते विचारलं होतं, तिथं 'वॉटर कूलर' निवडलं गेलंय. बसवलाय तर खोक्यातला पंखा की. इथं मे महिन्यात खोलीतच ४० च्या वर असतं. दोन्ही लिमिट ६५ करून टाकू का?

अजून एक, ऑफिसमधल्या एएमडीच्या रायझन ५ ७६०० प्रोसेसरवरपण ६५ वॉटच लिहिलंय, पण सॉफ्टवेअर ८८ दाखवतंय. तोपण बिघडलाय का?

प्रेषक: तांत्रिक समिती

४०९६ म्हणजे मर्यादाच नाही. मग प्रोसेसर थांबतो तो फक्त १०० अंशांना, तापून. बोर्डवाल्यांना चाचण्यांत दोन टक्के पुढे दिसायचं असतं, त्याचं बिल ग्राहक भरतो.

कूलर 'बॉक्स्ड' (खोक्यातला) निवडा, आणि तरीही आकडे हाताने भरा: पीएल१ ६५, पीएल२ १२५, टाउ २८. दोन्ही ६५ केले तरी चालेल, पण फाइल उघडताना किंवा फिल्टर लावताना मशीन जड वाटेल. १२५ ला वरच्याच हिशेबाने प्लगवर साधारण २३३ वॉट होतात आणि झटका सुमारे १८ सेकंद टिकतो. नंतर दीडशेच्या आसपास. ३६० च्या यूपीएसला हे आरामात झेपतं. रेंडर लांबेल, पण वीज जितकी कमी केली तितक्या प्रमाणात नाही. कारण आधी सांगितलेला व्होल्टेजचा वर्ग.

वीज आणि तापमान बघायला लिनक्सवर टर्बोस्टॅट चालवा, विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो. 'परफॉर्मन्स लिमिट रीझन्स'मध्ये पीएल१ दिसला तर तो बिघाड नाही, मर्यादा काम करतेय. थर्मल दिसलं तर मात्र पंखा, पेस्ट आणि धूळ तपासा. लिनक्समधून मर्यादा बदलता येते, पण रीबूटला ती पुसली जाते, म्हणून बायोसच बरा. शेवटची खात्री प्लगमधल्या वॉटमीटरने करा, कारण सॉफ्टवेअरच्या पॅकेज पॉवरमध्ये व्हीआरएम आणि एसएमपीएसची गळती धरलेली नसते.

रायझन ठणठणीत आहे. एएमडीत विजेची खरी मर्यादा पीपीटी (पॅकेज पॉवर ट्रॅकिंग), आणि एएम४, एएम५ या सॉकेटांवर ती टीडीपीच्या सुमारे १.३५ पट असते: ६५ ला ८८, १०५ ला १४२, १७० ला २३०. त्यांचा टीडीपी तर थेट कूलरच्या सूत्रातून येतो. प्रोसेसरच्या झाकणाचं तापमान वजा पंख्याशी येणाऱ्या हवेचं तापमान, भागिले कूलरचा उष्णतारोध. रायझन ७ २७००एक्सला हे आकडे ६१.८, ४२ आणि ०.१८९, म्हणून १०५ वॉट. त्यातली ४२ ही कॅबिनेटच्या आतली हवा आहे. सोलापुरात मे महिन्यात खोलीच ४० ला असेल, तर आत ४२ राहणं अवघड. तिथे कूलर एक पायरी मोठा घ्या, नाहीतर वीज कमी करणारा इको मोड लावा.

रायझनबाबत एक छुपी भानगडही आहे. काही बोर्ड प्रोसेसरला प्रवाहाचा आकडा कमी करून कळवतात. मग तो स्वतःला मर्यादेत समजून जास्त ओढतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'पॉवर रिपोर्टिंग डेव्हिएशन' पूर्ण लोडवर बघा. १०० टक्क्यांच्या बरंच खाली असेल, तर बोर्ड थाप मारतोय. अर्धवट लोडवर त्या आकड्याला अर्थ नाही.

प्रेषक: खजिनदार

म्हणजे खर्च शून्य? मग आजच करून टाका.

प्रेषक: तांत्रिक समिती

आज करा, पण क्रम पाळा. आधी बायोस अपडेट, मग मर्यादा. अपडेटने सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. १३७०० ला अपडेट टाळू नका: तेराव्या-चौदाव्या पिढीत जास्त व्होल्टेजने प्रोसेसर कायमचे कमकुवत होत होते, त्यावर इंटेलने २०२४ मध्ये आधी ०एक्स१२९ आणि मग ०एक्स१२बी हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली, बायोसमधून येणारी दुरुस्ती) दिला. बायोसच्या माहितीत यांतला दुसरा किंवा त्यानंतरचा दिसला पाहिजे. पुढे कधी एखाद्याच मशीनचा यूपीएस पुन्हा ओरडायला लागला, तर आधी बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बघा. तो संपला की बायोस मूळपदावर जातो, आणि मर्यादाही जाते.