ओल्मेकांना मोल होते ते हिरव्या रंगाचे की दगडाचे?

धागाकर्ता : मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरील ओल्मेक लोकांनी हिरवा दगड निवडला तो रंगासाठी, दगडाची जात त्यांच्या लेखी दुय्यम होती, असे माझे मत आहे. ला व्हेंटा या त्यांच्या प्रमुख केंद्रात (सुमारे इ.स.पू. ९०० ते ४००) त्यांनी सर्पेंटाइन या हिरवट दगडाचे सुमारे १००० टन ठोकळे खोल खड्ड्यात थरांवर थर रचून पुरले आणि वर माती लोटली. हा दगड जेडाइटच्या (जेड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कठीण दगडाच्या) मानाने मऊ आहे, ठोकळ्यांवर नक्षी नाही आणि ते पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडावेत अशी योजनाही नव्हती. मग इतका खटाटोप कशासाठी? मला तरी हिरवेपणाखेरीज कारण दिसत नाही. तो रंग पाण्याचा आणि मक्याच्या कोंबाचा.

गारगोटी : हे पटत नाही. रंगच पुरेसा असता, तर शेकडो किलोमीटर दूर असलेल्या ग्वाटेमालातील मोताग्वा खोऱ्यातून जेडाइट आणण्याचे प्रयोजन काय? खनिजांच्या कठीणपणाच्या एक ते दहा अशा मोह्स मापनात साडेसहा ते सात कठीणपणा असलेला हा दगड, हाताशी धातूची हत्यारे नसताना, दोरी आणि ओल्या वाळूने घासत कापावा लागे. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील ‘कुंझ कुऱ्हाड’ ही ओल्मेकांची जेडाइटची कोरीव कुऱ्हाड पाहा: तिच्या पाठीचा मोठा भाग प्राचीन काळीच कापून नेलेला आहे. कापणाऱ्याला तो पदार्थच हवा होता. शिवाय ओल्मेकांच्या उत्तम वस्तूंपैकी कित्येक निळसर, अर्धपारदर्शक आहेत; त्यांना सरसकट हिरवे म्हणणे ही आपली सोय झाली.

धागाकर्ता : कापून नेलेला तुकडाही हिरवाच होता, त्यामुळे कुंझ कुऱ्हाडीने माझे म्हणणे खोडले जात नाही. ला व्हेंटाच्याच चौथ्या क्रमांकाच्या निक्षेपात (मुद्दाम पुरून ठेवलेल्या वस्तूंच्या संचात), जो १९५५ साली उजेडात आला, १६ लहान मूर्ती एखाद्या सभेसारख्या उभ्या केलेल्या आहेत. त्यांत जेड आणि सर्पेंटाइन असा भेद न करता दोन्ही एकत्र मांडले आहेत. वेगळी पडते ती एकच मूर्ती, भरड दगडाची, आणि बाकीच्यांची तोंडे तिच्याकडे आहेत. ती हिरवी नाही, हे लक्षात घ्यावे.

गारगोटी : ती रंगाने वेगळी आहे तशीच दगडानेही वेगळी आहे, एकाच पुराव्यातून सोयीची बाजू उचलता येत नाही.

वाळूचा कण : मक्याच्या कोंबाबद्दल मात्र धागाकर्त्यांनी जपून बोलावे. तो अर्थ बराचसा पुढच्या काळातील माया आणि अझ्टेक परंपरांवरून मागे लावला जातो, आणि मध्ये कित्येक शतके गेलेली आहेत. पाण्याचा संबंध मात्र थेट पुराव्यावर उभा आहे: ला व्हेंटाच्या कितीतरी आधी, एल मानाती या ओल्मेक स्थळी, तेथील झऱ्यात हिरव्या दगडाच्या घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडी रबराच्या चेंडूंसह अर्पण केलेल्या सापडल्या आहेत. अशा अर्पणात रंग किती आणि जिन्नस किती, हे वेगळे काढण्याची गरज त्या माणसांना वाटली असेल, असे मला वाटत नाही.