युरिया टाकूनही लॉन पिवळंच – आता काय आणि कधी टाकावं? (जुळे सोलापूर)

जुळेसोलापूरकर:
नमस्कार. घरासमोर ३० बाय २० फुटांचं हरळीचं लॉन आहे. वर आणून टाकलेली काळी माती, खाली मुरूम, पाणी बोअरचं. मार्चपासून रंग उतरत गेला. महिन्यापूर्वी माळ्याने किलोभर युरिया हाताने फेकला. जागोजाग तपकिरी चट्टे उठले आणि बाकीचं पिवळं ते पिवळंच. नर्सरीवाला १९:१९:१९ हे मिश्र खत सांगतो, शेजारचे काका डीएपी. मे संपत आलाय. कुठलं खत, किती आणि कधी?

बांधावरून:
खताचं नंतर बघू, आधी पान बघा. एक काडी तोडून उजेडात धरा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी आहे. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांत शिरांच्या बारीक हिरव्या रेघा दिसत असतील तर लोह कमी. युरिया देऊनही पिवळेपणा हटत नाही म्हणजे माझा संशय दुसऱ्या कारणावर, लोहावर. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीमुळे सामू (पीएच) ८ च्या आसपास गेला की मुळांना ते घेता येत नाही, आणि बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. खात्रीसाठी मूठभर वाळलेल्या मातीवर व्हिनेगर ओता. फसफसली की समजा चुनखडी आहे.

उपाय फवारणीचा. लिटरभर पाण्यात आधी १ ग्रॅम लिंबूसत्त्व, ते विरघळलं की ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट). तुमच्या ६०० चौरस फुटांना ५ लिटर द्रावण पुरे. गवताला सकाळी पाणी दिलेलं असावं, फवारणी ऊन उतरल्यावर, आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. फरशीवर उडालेलं लगेच धुवा, गंजाचा डाग निघता निघत नाही. हिराकस मातीत टाकलं तर चुनखडी ते लगेच अडकवून टाकते, पैसे वाया. जमिनीतूनच द्यायचं असेल तर चिलेटेड लोह घ्या, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं, पण पाकिटावर त्या रसायनाचं नाव ईडीडीएचए लिहिलेलं बघून. ईडीटीए स्वस्त मिळतं, ते या सामूला टिकत नाही.

नत्र आत्ता अजिबात नको. पहिला मोठा पाऊस होऊन जमीन ओली झाली, वाफसा आला (ओल आहे पण चिखल नाही) की जूनच्या मध्याला पहिला हप्ता: ४०० ग्रॅम युरिया किंवा ९०० ग्रॅम अमोनियम सल्फेट. दोन्हींतून नत्र सारखंच मिळतं. मी अमोनियम सल्फेट घेईन, त्यात गंधकही आहे आणि ते सामू खाली आणतं. दुसरा हप्ता ऑगस्टअखेर, तिसरा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. मग थेट फेब्रुवारीअखेर. थंडीत हरळी झोपलेली असते, तेव्हा दिलेलं खत तिच्या कामाचं नाही.

मुरूमाड:
लोहाचं पटलं. पण अमोनियम सल्फेटने सामू उतरेल ही आशा सोडा. चुनखडीच्या जमिनीत ते आम्ल तिथल्या तिथे मारलं जातं. शिवाय अशा जमिनीवर नुसतं पसरून ठेवलं तर युरियासारखाच त्याचाही नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो. खत कुठलंही घ्या, टाकल्यावर तासाभरात पाणी हवंच. ५ मिलिमीटर म्हणजे तुमच्या जागेला साधारण ३०० लिटर. टाकीत तेवढं नसेल तर त्या दिवशी खत पिशवीतच राहू द्या. धो धो पावसाच्या तोंडावरही नको, सगळं गटारात जाईल.

पसरायची रीत: चार-पाच किलो कोरडी बारीक वाळू घ्या, त्यात खत कालवा, दोन सारखे भाग करा. एक भाग उभा फेका, दुसरा आडवा. पानं कोरडी असावीत, नाहीतर दाणा चिकटतो आणि तिथेच जाळतो. तुमचे चट्टे याच प्रकारातले, मूठ जिथे उघडली तिथे ढीग पडला.

डीएपी नको. जुन्या लॉनला त्यातलं एवढं स्फुरद (फॉस्फरस) लागत नाही आणि जास्त झालं की लोह-जस्त आणखी अडतं. १९:१९:१९ वाईट नाही, पण विद्राव्य खत आहे, पिकावर फवारायचं. अख्ख्या लॉनला त्यातून नत्र पुरवणं महाग पडेल. आणि परदेशी व्हिडिओ बघून चुना टाकू नका. तो तिकडच्या आम्ल जमिनीसाठी असतो. आपल्याकडे तोच तर नको झालाय.

जुळेसोलापूरकर:
कोवळी पानंच पिवळी आहेत, शिरा हिरव्या. माती फसफसली. चट्टे भरतील का? शेणखत टाकू का?

मुरूमाड:
चट्ट्यावर दोन-तीन दिवस भरपूर पाणी सोडा, क्षार खाली जातील. मग जमिनीलगतची काडी नखाने खरवडा. आत हिरवी किंवा पांढरी ओली असेल तर पावसाळ्यात आपोआप भरेल. कोरडी, तपकिरी असेल तर कडेच्या हरळीचे तुकडे जूनमध्ये टोचा.

बांधावरून:
शेणखत कच्चं असेल तर सोबत हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि लव्हाळा (चिवट तण) घेऊन येतं. त्यापेक्षा चाळलेलं गांडूळखत, दहा-बारा घमेली, जुलैमध्ये पातळ पसरा आणि खराट्याने पानांखाली झाडून घ्या. त्याच्या दोन दिवस आधी कापणी करा, पण उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी कापू नका. अमोनियम सल्फेटवर मुरूमाड यांचं बरोबर आहे, गंधकापुरतंच घ्या. आणि दरवर्षी खत टाकणार असाल तर कृषी विज्ञान केंद्रात मातीसोबत बोअरचं पाणीही तपासायला द्या.